विजेच्या बेसबोर्ड हीटरसाठी थर्मोस्टॅट कोणता घ्यावा?

सातारकर_लावाल

नमस्कार. आम्ही गेल्या जूनमध्ये माँट्रियलशेजारी लावाल येथे १९७८ साली बांधलेले घर विकत घेतले. क्युबेकमधील असंख्य घरांप्रमाणे यातही फर्नेस, म्हणजे सगळे घर तापवणारी मध्यवर्ती भट्टी, नाही. प्रत्येक खोलीत खिडकीखाली, भिंतीच्या पायथ्याशी विजेचा बेसबोर्ड हीटर आहे आणि त्या त्या खोलीच्या भिंतीवर त्याचा स्वतंत्र थर्मोस्टॅट आहे. असे एकूण ७ थर्मोस्टॅट आहेत आणि सगळे घर बांधले तेव्हाचे, फिरवायच्या गोल खुंटीचे आहेत. त्यांच्यावरचे आकडे पुसट झाले आहेत. खुंटी १८ वर ठेवली तर खोली २४ अंशांपर्यंत तापते आणि किंचित मागे फिरवली तर पहाटे १६ अंशांवर येते. आमच्या झोपण्याच्या खोलीत रात्री हीटर सुरू झाला की पत्रा तापून कडकड वाजतो आणि ९ महिन्यांचा मुलगा जागा होतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईबाबा साताऱ्याहून चार महिन्यांसाठी येत आहेत. त्यांचा हा इथला पहिलाच हिवाळा असेल. त्याआधी सगळे थर्मोस्टॅट बदलावेत असे ठरवले आहे, परंतु दुकानात गेलो तेव्हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग थर्मोस्टॅटच्या किमतीत पाचपटीहून अधिक फरक दिसला आणि वेष्टणावरच्या मजकुराचा बोध झाला नाही. कार्यालयातील एका मित्राने नेस्ट, म्हणजे गूगलचा अ‍ॅपवर चालणारा थर्मोस्टॅट, घ्यावा असे सुचवले आहे. सातही ठिकाणी तोच लावावा का? वीजबिल कमी व्हावे ही इच्छा आहेच, परंतु आईबाबांची खोली रात्रभर एकसारखी उबदार राहावी हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

दवबिंदू

कृपया नेस्ट घेऊ नका. तो आणि त्याच्यासारखाच इकोबी, दोन्ही उत्तम असले तरी ते २४ व्होल्टच्या नियंत्रण वायरींवर चालतात, म्हणजे फर्नेस, बॉयलर किंवा मध्यवर्ती हीट पंप असलेल्या घरांसाठी आहेत. तुमच्या भिंतीतील डब्यात थेट २४० व्होल्टचा प्रवाह येतो. दोन्ही प्रकारच्या थर्मोस्टॅटचे बाह्य रूप सारखे असल्यामुळे ही चूक फार जणांकडून होते. तुम्हाला ‘लाइन व्होल्टेज’ प्रकारचा थर्मोस्टॅट लागेल. दुकानात हे दोन शब्द सांगितले की निम्मे कपाट आपोआप बाद होते.

वीजतंत्री

दवबिंदू यांनी मुख्य धोका अचूक सांगितला आहे. मी काही वर्षे ओंटारिओमध्ये विद्युत ठेकेदाराकडे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. माझे ठाम मत असे आहे की बेसबोर्ड हीटरच्या बाबतीत थर्मोस्टॅटची निवड दुकानात नव्हे, आपल्या भिंतीपाशी होते. कोणती कंपनी चांगली, कोणाचे अ‍ॅप चांगले, हे प्रश्न नंतरचे. आधी तीन गोष्टी पाहून कागदावर लिहून काढा.

पहिली गोष्ट भार. प्रत्येक हीटरच्या एका टोकाला आतल्या बाजूस पट्टी असते व तिच्यावर वॅट आणि व्होल्ट लिहिलेले असतात. एका थर्मोस्टॅटवर दोन हीटर असतील तर त्यांची बेरीज करा. समजा, दिवाणखान्यात १५०० आणि २००० वॅटचे दोन हीटर एकाच थर्मोस्टॅटवर आहेत. एकूण ३५०० वॅट झाले, म्हणजे २४० व्होल्टवर साधारण १४.६ अँपिअर. बाजारातील बरेच इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट ३००० वॅटपर्यंतच, म्हणजे १२.५ अँपिअरपर्यंत चालतात. तो इथे लावला तर कदाचित काही दिवस चालेलही, परंतु आतून तापत राहील. त्या जागी ४००० वॅटचाच हवा. उदाहरणार्थ, सिनोपे ही क्युबेकमधीलच कंपनी एकसारख्या दिसणाऱ्या दोन प्रकारांत थर्मोस्टॅट बनवते, एक ३००० वॅटचा आणि दुसरा ४००० वॅटचा. वेष्टण उचलताना हा आकडा नीट पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट वायरींची संख्या. जुन्या थर्मोस्टॅटमागे दोन वायरी आहेत की चार, हे पाहा. २४० व्होल्टच्या जोडणीत दोन जिवंत वायरी असतात, सहसा एक काळी आणि एक लाल. दोन वायरींच्या जोडणीत थर्मोस्टॅट त्यांपैकी एकच तोडतो, चार वायरींच्या जोडणीत तो बहुधा दोन्ही तोडतो. काही थर्मोस्टॅट दोन वायरींवर चालतात, तर काहींना स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक भागासाठी सतत वीज हवी असल्यामुळे चार वायरी लागतात. डब्यात दोनच वायरी असताना चार वायरींचा थर्मोस्टॅट आणलात तर तो परत करण्यावाचून उपाय राहत नाही.

तिसरी गोष्ट हीटरचा प्रकार. बेसबोर्ड, पंखा असलेला भिंतीतील हीटर आणि फरशीखालची तापतार या तिन्हींना वेगवेगळा थर्मोस्टॅट लागतो. स्नानगृहात काय आहे ते विशेष पाहा.

वायरी पाहण्याआधी पॅनेलमधील त्या खोलीचा ब्रेकर बंद करा आणि टेस्टरने दोन्ही वायरी तपासा. थर्मोस्टॅट पूर्ण मागे फिरवणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. दोन वायरींच्या जोडणीत तो ‘बंद’ दिसत असतानाही दुसरी वायर हीटरपर्यंत जिवंत असते आणि तिच्यात जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट असतात.

मोगरा

क्युबेकमध्ये असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते, ही गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. इतर प्रांतांत घरमालकाला काही मुभा असते, म्हणून तिकडच्या चित्रफिती पाहून इकडे कोणी धाडस करू नये. सातही थर्मोस्टॅट एकाच फेरीत बदलून घेतले तर मजुरी बरीच वाचते. आम्ही दोन वर्षे एकेक करत बदलले आणि प्रत्येक वेळी येण्याजाण्याचे पैसे वेगळे भरले.

खिडकीपाशी

थोडा वेगळा विचार मांडतो. मी ब्रोसार्डमध्ये १२ वर्षे राहत आहे. वेळापत्रकाचे, अ‍ॅपचे थर्मोस्टॅट बेसबोर्डवर निरर्थक आहेत असे माझे मत झाले आहे. रात्री तापमान उतरवले की भिंती, फर्निचर, सगळे थंड होते आणि सकाळी ते पुन्हा तापवण्यात वाचलेली वीज खर्ची पडते. त्यापेक्षा साधा थर्मोस्टॅट घ्यावा, २१ वर ठेवावा आणि त्याला हात लावू नये.

वीजतंत्री

खिडकीपाशी, साधा थर्मोस्टॅट आणि स्थिर तापमान यांची शिफारस अनेक घरांसाठी योग्य ठरू शकते, परंतु तुम्ही दिलेले कारण मला मान्य करता येत नाही. घराला तळाशी भोक असलेल्या रांजणासारखे समजा. पाण्याची पातळी जितकी उंच, तितकी गळती जोरात. रात्री पातळी खाली आली तर तेवढा वेळ गळती कमी होते. सकाळी पातळी वर आणायला पाणी ओतावे लागते हे खरे, परंतु ते पातळी उतरताना न ओतलेलेच पाणी असते. रात्रभर कमी गळालेले पाणी हा निव्वळ फायदा.

मात्र हा फायदा किती, हेही प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. आत २१ आणि बाहेर उणे ९ असेल तर फरक ३० अंशांचा. रात्री ८ तास आत ३ अंश कमी ठेवले तर त्या वेळेपुरती गळती एक दशांशाने घटेल आणि ८ तास हा दिवसाचा तिसरा भाग, म्हणून दिवसभराच्या हिशेबात साधारण ३ टक्के. खोली थंड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. वेष्टणावर मोठ्या बचतीचे आकडे छापलेले असतात, ते बहुधा दिवसा रिकाम्या राहणाऱ्या घराचे असतात. चार महिने आईबाबा आणि तान्हे मूल घरात असताना तसे आकडे येणार नाहीत.

खरी बचत वेगळ्या ठिकाणी आहे. १८ वर ठेवलेली खोली २४ होते, असे धागाकर्त्यांनी लिहिले आहे. वरच्याच हिशेबाने ते ६ अतिरिक्त अंश म्हणजे त्या खोलीच्या खर्चात पाचव्या भागाइतकी भर. जुन्या खुंटीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि संपर्क तोडते. ती सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या तापमानात दोन-तीन अंशांचे अंतर असते आणि वयोमानाने तिचे मोजमापही सरकते. साधा, अ‍ॅप नसलेला इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटसुद्धा खोलीचे तापमान अर्ध्या अंशाच्या आत राखतो. त्यामुळे पैसे थोडे असतील तर ते आधी अचूकतेवर खर्च करावेत असे मी म्हणेन.

खिडकीपाशी

रांजणाचे उदाहरण पटले. गळतीचा विचार मी अशा प्रकारे केला नव्हता. तरीही एक अनुभव नोंदवतो. आम्ही एका हिवाळ्यात पाहुण्यांची खोली १२ अंशांवर ठेवली आणि दार बंद केले. मार्चमध्ये कपाट सरकवले तर बाहेरच्या भिंतीवर काळी बुरशी होती. घरातील दमट हवा त्या थंड कोपऱ्यात जाऊन पाणी धरत होती. तेव्हापासून कोणतीही खोली १६ च्या खाली नेत नाही.

वीजतंत्री

ही सूचना महत्त्वाची आहे आणि मी तिच्याशी पूर्ण सहमत आहे.

अनुस्वार

हीटरच्या पत्र्याच्या आवाजाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या शेरब्रूकच्या घरी हाच त्रास होता. जुना थर्मोस्टॅट हीटरला एकदम पूर्ण वीज देतो, पत्रा झपाट्याने प्रसरण पावतो, मग वीज बंद होते आणि तो आकुंचन पावतो. तीच ती कडकड. इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटमध्ये दोन जाती आहेत. एकीत रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, असतो, जो प्रत्येक वेळी ‘टक’ असा आवाज करतो. दुसरीत ट्रायॅक, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो, जो काही सेकंदांच्या छोट्या तुकड्यांत वीज देतो, म्हणजे १५ सेकंदांतले जेवढे सेकंद उष्णता हवी तेवढेच सेकंद. त्यामुळे हीटर कोमट राहतो, लालबुंद तापत नाही, पत्रा वाजत नाही आणि थर्मोस्टॅटही मूक असतो. माझी मुलगी लहान असताना या एका बदलाने आमच्या घराला झोप मिळाली. झोपण्याच्या खोल्यांसाठी ट्रायॅकच घ्या.

वीजतंत्री

अनुस्वार यांच्या सल्ल्याला एक पुरवणी. पंखा असलेल्या हीटरवर हे छोटे तुकडे चालत नाहीत, कारण पंख्याची मोटर दर काही सेकंदांनी सुरू-बंद होऊन लवकर खराब होते. काही थर्मोस्टॅटमध्ये १५ सेकंद आणि १५ मिनिटे असे दोन पर्याय असतात. पंख्यासाठी १५ मिनिटांचा पर्याय निवडावा लागतो किंवा मुळातच पंख्यासाठी चालणारा थर्मोस्टॅट घ्यावा लागतो. फरशीखालच्या तापतारेसाठी तर विजेच्या गळतीपासून संरक्षण असलेला आणि फरशीत संवेदक बसणारा वेगळाच थर्मोस्टॅट येतो. स्नानगृहात तशी तापतार असेल तर दुसरा कोणताही लावू नये.

लोधीरोड

थोडे विषयाला लागूनच विचारतो. मी दिल्लीत असतो. जानेवारीत आम्ही तेल भरलेला चाकांचा रेडिएटर वापरतो. त्याच्या खुंटीवर १ ते ६ आकडे आहेत. त्याला बाहेरून अचूक थर्मोस्टॅट जोडता येतो का?

वीजतंत्री

खुंटीवरचे आकडे अंश नाहीत, ते केवळ कमी-जास्त दाखवतात. शिवाय तो संवेदक तापलेल्या तेलाच्या शेजारी असल्यामुळे खोलीच्या हवेचा अंदाज त्याला उशिरा येतो. सॉकेटमध्ये बसणारे थर्मोस्टॅट मिळतात, परंतु क्षमता पाहून घ्या. २००० वॅटचा रेडिएटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, म्हणून ६ अँपिअरचा लहान सॉकेट किंवा साधी लांबवणीची वायर त्याला चालणार नाही. १६ अँपिअरचा सॉकेट आणि तेवढ्याच क्षमतेचा थर्मोस्टॅट हवा. रेडिएटरची स्वतःची खुंटी वरच्या आकड्यावर ठेवून नियंत्रण बाहेरच्याकडे द्या आणि झोपताना तो पडद्यापासून दूर आहे ना ते पाहा.

हिमरेषा

आता विजेच्या दराविषयी लिहितो, कारण क्युबेकमध्ये त्यामुळे निवड बदलू शकते. हायड्रो-क्युबेक या प्रांताच्या वीज कंपनीच्या नेहमीच्या घरगुती दरात दिवसाला सरासरी ४० युनिटपर्यंत एक दर आणि त्यापुढे सुमारे दीडपट दर लागतो. १५०० वॅटचा एक हीटर पूर्ण दिवस अखंड चालला तर एकटा ३६ युनिट खातो, यावरून हिवाळ्यात ती मर्यादा किती लवकर ओलांडली जाते हे दिसेल. म्हणजे थंडीत वाचवलेले प्रत्येक युनिट वरच्या दराचे असते.

याखेरीज १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळासाठी दोन ऐच्छिक योजना आहेत. कडाक्याच्या थंडीत सकाळी आणि संध्याकाळी सगळा प्रांत एकाच वेळी घर तापवतो, स्वयंपाक करतो, गरम पाणी वापरतो, तेव्हा जाळ्यावर ताण येतो. अशा तासांची सूचना आदल्या दिवशी मिळते. ‘हिवाळी जमा’ योजनेत त्या तासांत नेहमीपेक्षा जेवढी वीज कमी वापराल तेवढ्याचे पैसे बिलात परत मिळतात आणि जमले नाही तर दंड नाही. ‘फ्लेक्स डी’ योजनेत हिवाळ्यातील बाकीच्या सर्व तासांचा दर कमी असतो, परंतु त्या ठरावीक तासांचा दर अनेक पटींनी जास्त. घरात वयस्कर माणसे आणि मूल असताना मी पहिलीच निवडेन.

इथे मात्र जोडलेल्या, म्हणजे अ‍ॅपवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचा खरा उपयोग आहे. ताणाचे तास सुरू होण्याआधी तो खोली एक-दोन अंश जास्त तापवून ठेवतो आणि त्या तासांत उतरू देतो. सात खोल्यांत पहाटे उठून खुंट्या फिरवणे कोणाकडूनही चार महिने होत नाही. मी तीन हिवाळे हे करत आहे आणि आमच्या घरी कोणालाही थंडी जाणवलेली नाही.

मोगरा

हिमरेषा, तुमच्याकडे कोणते आहेत?

हिमरेषा

दिवाणखान्यात मायसा आहे, कारण तिथे चार वायरी होत्या. ही न्यूफाउंडलँडची कंपनी आहे आणि तिचा बेसबोर्डचा थर्मोस्टॅट ३८०० वॅटपर्यंत चालतो. झोपण्याच्या खोल्यांत दोन वायरी असल्यामुळे सिनोपे. दोन अ‍ॅप वापरावी लागतात, हे मला आवडत नाही. पुन्हा घेताना सगळीकडे दोन वायरींचेच घेईन, म्हणजे एकाच अ‍ॅपवर काम होईल.

जुनी_माँट्रियलकर

मी १९९१ पासून इथे आहे. जानेवारी १९९८ च्या हिमवादळात, म्हणजे पावसाचा बर्फ होऊन तारा आणि मनोरे कोसळले तेव्हा, आमच्या घरी ११ दिवस वीज नव्हती. त्या अनुभवातून एक सूचना करावीशी वाटते. दीर्घकाळ वीज गेली तर सर्व खोल्यांचे थर्मोस्टॅट खाली करून ठेवावेत. वीज परत येते तेव्हा सगळ्या वस्तीचे हीटर एकाच क्षणी पूर्ण भाराने सुरू झाले तर त्याच भारामुळे पुरवठा पुन्हा तुटू शकतो. वीज आल्यावर एकेक खोली हळूहळू वर आणावी.

नवा थर्मोस्टॅट घेताना म्हणूनच विचारा की वीज गेल्यावर तो आपले तापमान आणि वेळापत्रक लक्षात ठेवतो का, आणि इंटरनेट नसताना भिंतीवरच्या बटणांनी पूर्णपणे चालतो का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर तो घेऊ नका. माझ्या शेजाऱ्यांना अशाच एका थर्मोस्टॅटमुळे राउटर बिघडलेल्या रात्री खोलीचे तापमान वाढवता आले नव्हते.

आणि सातारकर, आईबाबांविषयी. माझ्या सासूबाई २००४ मध्ये पहिल्यांदा हिवाळ्यात आल्या तेव्हा थर्मोस्टॅट २३ दाखवत होता आणि त्या शाल पांघरून कुडकुडत होत्या. आम्हाला उलगडा होईना. नंतर लक्षात आले की त्यांचा पलंग खिडकीला लागून होता. हवा २३ अंश असली तरी शेजारची काच थंडगार असेल तर अंगातली उष्णता तिकडे ओढली जाते आणि थर्मोस्टॅटला ते कळत नाही. पलंग आतल्या भिंतीकडे हलवला, काचेवर हिवाळी प्लास्टिकचा पडदा ताणून लावला आणि २१ मध्येच त्यांना बरे वाटू लागले. फक्त कापडी पडदा हीटरच्या वर लोंबता कामा नये. तो काचेपुरता आखूड ठेवा. एकतर आग लागण्याची भीती असते, शिवाय गरम हवा पडद्यामागे कोंडून काचेवाटे निघून जाते.

भाड्याचे_घर

आम्ही भाडेकरू आहोत, वीजबिल आम्ही भरतो आणि थर्मोस्टॅट घरमालकाचे आहेत. अशा वेळी काय करावे?

मोगरा

घरमालकाला लेखी विचारा. आमच्या घरमालकांनी मजुरी दिली आणि थर्मोस्टॅटचे पैसे आम्ही दिले. जुने थर्मोस्टॅट जपून ठेवले नाहीत तर १ जुलैला, म्हणजे इथल्या नेहमीच्या घरबदलाच्या दिवशी, घर सोडताना वाद होऊ शकतो, म्हणून काय काढले आणि काय लावले हे भाडेकराराबरोबर लिहून ठेवा. घरमालक नको म्हणाले तर निदान एक चांगला तापमापक घ्या आणि खुंटीच्या कोणत्या खुणेवर खोली प्रत्यक्षात किती अंश होते, त्याच्या बारीक चिठ्ठ्या चिकटवा. आधीच्या घरात आम्ही दोन हिवाळे तसेच काढले.

सातारकर_लावाल

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे गेले, त्यामुळे आता काय झाले ते लिहितो. वीजतंत्री यांनी सांगितल्याप्रमाणे आधी यादी केली. तिन्ही झोपण्याच्या खोल्यांत दोन वायरी आणि १००० ते १५०० वॅटचा एकेक हीटर. दिवाणखान्यात चार वायरी आणि दोन हीटर मिळून ३५०० वॅट. गंमत म्हणजे उदाहरणातला आकडाच निघाला. स्वयंपाकघरात १००० वॅट. स्नानगृहात भिंतीतला पंख्याचा हीटर निघाला, त्यामुळे ती सूचना नसती तर मी तिथे चुकीचा थर्मोस्टॅट लावून बसलो असतो. तळघरात २००० वॅट.

परवानाधारक ठेकेदाराने काल एका दुपारी सगळे काम केले. दिवाणखाना आणि आमची व मुलाची झोपण्याची खोली, इथे दोन वायरींवर चालणारे, अ‍ॅपचे, ट्रायॅक असलेले थर्मोस्टॅट लावले. दिवाणखान्यातला अर्थातच ४००० वॅटचा आहे. स्नानगृहात पंख्याला चालणारा, १५ मिनिटांच्या आवर्तनाचा, तर स्वयंपाकघर आणि तळघरात साधे इलेक्ट्रॉनिक. हिवाळी जमा योजनेत नाव नोंदवले आहे.

आईबाबांच्या खोलीसाठी मात्र अ‍ॅपचा घ्यायचा विचार सोडला. व्हिडिओ कॉलवर बाबांना दोन्ही दाखवले, तेव्हा ते म्हणाले की मला दोन बटणे आणि मोठा आकडा दे, बाकीचे तू बघ. स्वतःच्या खोलीची ऊब स्वतःच्या हाताने कमी-जास्त करता यावी हे त्यांचे म्हणणे मला योग्य वाटले, म्हणून तिथे दोन बटणांचा, ठळक आकड्यांचा, अंधारात उजळणारा साधा ट्रायॅक थर्मोस्टॅट आहे. जुनी_माँट्रियलकर यांचे वाचून पलंगही आतल्या भिंतीकडे हलवला.

काल रात्री हीटर अजिबात वाजला नाही. मुलगा पहाटे साडेपाचपर्यंत झोपला.

एक अडचण राहिली आहे. आईबाबांच्या खोलीत थर्मोस्टॅट २१ दाखवतो तेव्हा मध्यभागी ठेवलेला तापमापक २२.५ दाखवतो. थर्मोस्टॅट सदोष आहे का?

वीजतंत्री

मुलगा झोपला हे वाचून आनंद झाला. सदोष आहे असे लगेच समजू नका. तो थर्मोस्टॅट बाहेरच्या भिंतीवर आहे का? जुन्या घरांत अनेकदा डब्याच्या मागून, वायर जिथून येते त्या भोकातून थंड हवेचा झोत येतो आणि संवेदकाला खोली आहे त्यापेक्षा थंड भासते, म्हणून तो जास्त तापवतो. ब्रेकर बंद करून घेऊन ठेकेदाराकडून ते भोक आणि डब्याभोवतीची फट बुजवून घ्या. तापमापकही थर्मोस्टॅटच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर आणि हीटर किंवा दिव्यापासून दूर ठेवून रात्रभर पाहा. त्यानंतरही सारखाच फरक राहिला तर बहुतेक इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटमध्ये आकडा वर-खाली सरकवण्याची सोय असते, ती वापरा.

अनुस्वार

आणि काढलेले जुने थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकू नका. काही जुन्या थर्मोस्टॅटमध्ये काचेच्या छोट्या नळीत पारा असतो. ते जवळच्या एकोसाँत्रमध्ये, म्हणजे पालिकेच्या पुनर्वापर व घातक कचरा संकलन केंद्रात, नेऊन द्या.

सातारकर_लावाल

भिंत बाहेरचीच आहे. ठेकेदार आज सकाळी पुन्हा येऊन गेले. झाकण काढल्यावर डब्यापाशी हात धरला तर गार वारा स्पष्ट लागत होता. त्यांनी भोक बुजवले आणि कडेने सील केले. आता तापमापक २१.५ दाखवतो. जुने सातही थर्मोस्टॅट एका खोक्यात भरून ठेवले आहेत आणि शनिवारी एकोसाँत्रमध्ये नेणार आहे.